चारशे बत्तीस इंच वेल

० इंच. कुंडी.

टेपचं पितळी टोक मातीत खोचते आणि मोजायला लागते. टेप साठ इंचांचा, त्यामुळे साठ-साठचे टप्पे. प्रत्येक टप्प्याला भिंतीवर खडूची रेघ. लोक विचारतात, वेल कशाला मोजायची? त्यांच्या कंबरा मोजते तेव्हा कोणी विचारत नाही.

कुंडी खिडकीच्या कट्ट्यावर, डाव्या हाताला. कुंडी म्हणजे पाच लिटरचं खोटं माप. बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. एका दुकानदाराने मापाच्या तळाला आतून दुसरा पत्रा ठोकला होता, दर मापाला पेलाभर तेल वाचायचं त्याचं. खटला संपला, माप भंगारात निघालं, बाबांनी घरी आणलं. आतला पत्रा उपटला, खऱ्या तळाला भोक पाडलं आणि म्हणाले, "घे. आता तरी पूर्ण भरू दे याला."

एकोणीस वर्षांपूर्वी मी त्यात मनीप्लांटची बोटभर काडी खोचली. त्याच वर्षी या पुढच्या खोलीत मशीन मांडलं. मी नवे कपडे शिवत नाही. ढिले घट्ट करते, घट्ट ढिले करते, लांब आखूड करते. आखूड लांब होईल का, ते पहिल्या शिंप्याने शिवणीच्या आत किती माया, म्हणजे जादा कापड, ठेवलीय त्यावर. बहुतेकांनी ठेवलेली नसते.

घरात मला टाचणी म्हणतात. तोंडात कायम टाचण्या असतात म्हणून, असं मी धरून चालते. दादा म्हणतो, कारण वेगळं आहे.

१४ इंच.

इथे आत्ता थांबायचं नाही. इथे परत यायचं आहे.

७६ इंच. खिडकीचा वरचा कोपरा.

इथून वेल डावीकडे वळते आणि भिंत धरून निघते. आणि इथूनच भांडण सुरू झालं, कारण दादाने याच कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"टाचणे, रंगारी सोमवारी येतोय. हे लांबडं उतरव भिंतीवरून."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, इलेक्ट्रिशियन. घरातली एकही वायर त्याने भिंतीवर लोंबकळू दिलेली नाही. सगळ्या पट्टीतून, काटकोनात. माझी वेल त्याला दिसते ती कोणा आळशी माणसाने अर्धवट टाकलेली लाईन म्हणून.

"उतरवीन. आणि रंग झाल्यावर मशीन कुठे?"

"मागच्या खोलीत. दोन ट्यूब लावून देतो ना. अगदी दिवसासारखा उजेड."

"दिवसासारखा. म्हणजे दिवस नाही."

"झालं. टोचलं."

"मागच्या खोलीला खिडकी नाही, दादा."

"ट्यूब आहे म्हटलं ना."

पाच वर्षांपूर्वी खिडकीची चौकट बदलली, तेव्हा आठवडाभर मी मागे बसले होते. एका वकिलाचा काळा कोट होता, बाही उसवलेली. मी शिवून दिली. त्याने तो कोर्टाच्या पायऱ्यांवर, उन्हात घातला आणि शेजारच्या वकिलाने विचारलं, बाहीला निळा दोरा मुद्दाम का? ट्यूबखाली निळा आणि काळा एकच. तो वकील परत आला नाही. त्याच्या ओळखीचे चार आले नाहीत. रफू आणि आल्टरचं काम उजेडावर चालतं. खिडकी गेली की मी गेले, इतकं साधं आहे ते.

दादाला हे माहीत नाही असं नाही. पण त्याच्या बायकोला सोफा हवा होता.

सोफा आलाही होता. तो मंगळवारी आला, खोलीत जागा नव्हती म्हणून बोळात उभा केला, प्लॅस्टिकसकट. तेव्हापासून घरातला प्रत्येक माणूस बोळातून आडवा जायचा. बाबांचं पोट सोफ्याला घासून प्लॅस्टिक चरचर वाजायचं. ते वाजलं की कळायचं, बाबा मोरीकडे निघाले.

"सोफा खिडकीखाली जाणार," वहिनी म्हणाली. "मी चित्रात बघितलंय. खिडकी, खाली सोफा."

"चित्रात कोणी शिवत नसेल."

"चित्रात भिंतीवर जंगलही नव्हतं."

बाबा घरातलं भांडण ऐकत नाहीत. सुनावणी घेतात. खाटेवर बसून, पोलादी टेप हातात घेऊन. तो खेचतात आणि सोडतात, खेचतात आणि सोडतात. दोन्ही बाजू झाल्या. बाबांनी वेलीकडे वर पाहिलं.

"जिवंत वस्तू आहे," ते म्हणाले. "तोडायची नाही. वेल जिवंत आहे तोवर खोली आहे तशी राहील. आपणहून मेली, तर उतरवायची, रंग द्यायचा आणि मशीन मागे. कोणाची हरकत?"

"वेली मरत नाहीत हो लवकर," वहिनी म्हणाली.

"मग रंगाऱ्याला थांबायला सांगा."

मी खूश झाले. टाचण्या तोंडात असताना हसायचं नसतं, तरी हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्याची मला लाज वाटणार आहे.

२२० इंच. कपाटाच्या वर, तिसरी बाटली.

एवढी लांब वेल एका पाच लिटरच्या मापावर जगत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुंडीपासून दूरची पानं बारकी व्हायला लागली, नखाएवढी. मग मला सुचलं ते शिवणातूनच. मोठ्या घेराच्या झग्याची दुमड घालायची तर एका टोकाकडून धावत सुटत नाहीत. आधी जागोजागी कच्चे टाके घालतात, म्हणजे वजन वाटलं जातं. मी बाबांच्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या, तोंडाला पट्टी गुंडाळली, खिळ्याला टांगल्या, पाणी भरलं आणि वेलीची पेरं एकेक करून त्यांत बुडवली. पेराला मुळं फुटतात. अकरा बाटल्या. दर रविवारी स्टुलावर चढून पाणी घालते. बाबांचा खोकला बरा झाला असता तर वेल दारापर्यंतही पोचली नसती.

दादाने या बाटल्या रोज पाहिल्या, वर्षानुवर्षं. एकदा पाहुण्यांना दाखवतानाही मी ऐकलं आहे: "तिने मध्ये मध्ये टेकू दिलेत." खांबावर तारेला चिनी मातीचे टेकू असतात, तसे. तार टेकूवरून जाते. टेकूतून काही येत नाही. येतं ते मेनमधून.

२८० इंच. दाराच्या चौकटीवर.

निकालानंतर तीन-चार दिवसांनी दादा रोज सकाळी खोलीत यायला लागला. एरवी तो माझ्या खोलीत फ्यूज उडाल्याशिवाय येत नाही. आता चहाचा कप घेऊन यायचा, दारात थांबायचा, मान वर करायचा.

"कशी आहे?"

"कोण?"

"वेल गं. जिवंत वस्तू आहे, विचारायला नको?"

एकदा त्याने हात उंचावून एक पान दोन बोटांत धरलं, जसा सॉकेटमध्ये टेस्टर घालतात तसं, नजर दुसरीकडे ठेवून.

"मऊ लागतंय का जरा?"

"नवीन आहे ते. नवीन मऊच असतात."

"अच्छा." कप हातात तसाच. "आणि समज पाणी तुटलं, तर किती दिवसांत सुकते गं अशी वेल?"

"ते वेलीवर आहे. का?"

"असंच. सामान्य ज्ञान."

निकालानंतर दहाव्या दिवशी तो आला. बाराव्या दिवशी आला. पंधराव्या दिवशी चहा न घेताच आला आणि वेलीकडे असा पाहू लागला, जणू स्विच बंद आहे आणि दिवा पेटलेलाच आहे. मला दया आली त्याची. का आली ते मला अजून माहीत नव्हतं.

सोळाव्या दिवशी खिडकीपाशी एक पान पिवळं होऊन मशीनच्या पाट्यावर पडलं. सतराव्या दिवशी अजून तीन. मी पडदा बाजूला सारला.

१४ इंच, पुन्हा.

कट्ट्याच्या कडेखाली, पडद्याआड, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे वेल तुटलेली होती. तुटलेली नाही, कापलेली. मी आयुष्यभर कापलेल्या कडा बघत आले आहे. कात्रीने कापलेली कड मला कळते, ब्लेडने कापलेली कळते, दाताने तोडलेला दोरा तर लांबूनही कळतो. ही कड दोन्ही बाजूंनी चेपली होती, मध्ये बारीक धार उभी. वायर कटर.

मेन काढली होती त्याने. कपाटाजवळ नाही, दारावर नाही, भिंतीवर नाही. नेमकी कुंडीपाशी, जिथून लाईन निघते तिथे. एकदा मेन काढली की पुढचं सगळं बंद पडतं. तीस वर्षं तो हेच करत आला आहे आणि तीस वर्षांत ते एकदाही चुकलेलं नाही. बिचारा दुसरं काय करणार. दोन आठवडे रोज सकाळी येऊन लाईन का जात नाही ते बघत होता.

धावदोरा एका टोकाला कापून ओढला की सरसर निघून येतो. उलटी टीप तशी निघत नाही. तिचा प्रत्येक टाका, बाटलीत मुळं धरलेल्या पेरासारखा, मागे वळून आपलं आपण धरून असतो. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या कामाबद्दल त्याने कधी काही विचारलंच नव्हतं.

मी ते चेपलेलं टोक कापून घेतलं आणि संध्याकाळच्या चहाला बाबांच्या बशीत ठेवलं.

बाबांनी भिंग मागितलं. भिंगातून बघितलं, मग भिंगावरून दादाकडे.

"दोन्हीकडून दाब," बाबा म्हणाले. "घरात असं हत्यार किती जणांकडे आहे?"

दादा चहात बिस्कीट बुडवून होता. ते बिस्कीट तुटून कपात पडलं. "मी फक्त... कडेला आली होती. लागली असेल."

"दोन आठवड्यांपूर्वी लागली, आणि रोज सकाळी तब्येत विचारायला येतोयस," मी म्हटलं.

"खोट्या मापात लावलेली वेल," बाबा म्हणाले, "आणि माझ्याच घरात मापात खोट." टेप खेचला, सोडला. "वेल जिवंत आहे. निकाल कायम. खोली आहे तशी."

जिंकले होते मी. दुसऱ्यांदा.

वहिनी उठली. ती दिवसभर दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत बसते. आजारी माणसं आणि त्यांची आजारी नसलेली माणसं, दोघंही तिच्यावर खेकसतात. ती कप घेऊन आत निघाली. बोळात सोफ्यापाशी अंग चोरून आडवी झाली, आणि तिथेच थांबली. प्लॅस्टिक चरचरलं.

"तुम्ही तिघं वेलीबद्दल बोलताय," ती तिथूनच म्हणाली. "कुंडी, बाटल्या, भिंग. मला कोणीतरी सांगा, मी बसू कुठे? घरी आले की खाटेवर बसते. खाटेवर बसलं की वाटतं आजारी आहे. आजारी माणसं दिवसभर बघते मी."

"वहिनी, खिडकी..."

"थांब. एकोणीस वर्षांत एकदा तरी म्हणालीस, ये वहिनी, बस? मी दारातून विचारते, चहा हवा का. तू तोंडात टाचण्या धरून मान हलवतेस. मी जाते." तिने कप दुसऱ्या हातात घेतला. "आणि हे सांग. ह्यांचा डाव साधला असता, वेल मेली असती, तर गेली असतीस मागच्या खोलीत?"

"नाही."

"मुकाट्याने?"

"नाही म्हटलं ना. मुकाट्याने नाही, बोलूनही नाही. गेलेच नसते."

"मग," वहिनी म्हणाली, "वेलीचा काय संबंध?"

आणि आडवी होऊन आत गेली.

३४० इंच. आरशाच्या वर. इथून ब्याण्णव इंचांवर टोक, एकूण चारशे बत्तीस.

माझ्याकडे एक कात्री आहे, काळी, दहा इंची, फक्त कापडासाठी. तिने कागद कापला तर धार जाते. या घरात त्या कात्रीला हात लावायची कोणाची हिंमत नाही. लहानपणी दादाने याच कात्रीने पतंगाची शेपटी कापली होती, त्याची आठवण मी त्याला अजून करून देते.

मी ती घेतली आणि स्टुलावर चढले.

"टाचणे, काय करतेस?" बाबा.

"छाटते."

"निकाल आहे माझा. जिवंत वस्तू..."

"जिवंतच ठेवून छाटते."

पहिला काप आरशाच्या वर. दुसरा दारावर. बाटली असलेल्या प्रत्येक पेराच्या मागे-पुढे चार बोटं सोडून. माया ठेवायची सवय आहे हाताला. वेलीची मुळं भिंतीला घट्ट धरून होती. ओढलं की रंगाचे पापुद्रे निघायचे, खाली मागचा हिरवा रंग, त्याखाली त्याच्या मागचा. माझ्या केसांत भिंत पडत होती. सरसर वेल खाली येत होती, दादा कोपऱ्यात उभा राहून ती गोळा करत होता, कारण जमिनीवर वायरीसारखं काही पडलं की तो गुंडाळल्याशिवाय राहू शकत नाही. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, कोपरापासून अंगठ्यापर्यंत.

"हे बघ," तो गुंडाळता गुंडाळता म्हणाला. "आता तूच काढलीस. म्हणजे वेल नाही. म्हणजे निकालाप्रमाणे..."

"बाबा," मी वरूनच म्हटलं. "दोन्ही वेळा निकाल वेलीच्या बाजूने दिलात तुम्ही. माझ्या बाजूने एकदाही नाही. वेलीला राहायला खोली दिलीत आणि वेलीच्या सावलीत मला. मी हसले, ती चूक माझी."

बाबांनी टेप खेचला. सोडला नाही.

"दादा, निकालाप्रमाणे ना? ये. उचल मशीन."

"आत्ता?"

"आत्ता. हे टोक तू धर. लोखंडी आहे, पाठ सांभाळ." मी खाली उतरले, स्टूल मशीनपाशी ओढलं आणि बसले. "माझ्यासकट उचलावं लागेल, ते मात्र आधीच सांगते."

दादाने हातातल्या वेटोळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पस्तीस वर्षांपूर्वी पतंगाच्या वेळीही त्याने असंच बघितलं होतं.

"तुझं वजन किती?" त्याने विचारलं.

"तुमचं खातं," मी बाबांना म्हटलं. "सांगा त्याला."

बाबा हसले नाहीत. पण टेप सुटला, आणि कट्कन आत गेला.

सोमवार. इंच नाहीत, भिंत कोरी आहे.

खडूने मी जमिनीवर चौकोन आखला, खिडकीसमोर, मशीन आणि स्टूल आत घेऊन. अठ्ठेचाळीस गुणिले साठ. एवढं माझं. उरलेली खोली मी कोणाला मागितलेली नव्हती. ती नुसती माझ्याकडे साचत गेली होती, न नेलेल्या कपड्यांसारखी.

रंगारी आला, त्याने चौकोन बघितला, चौकोनातल्या बाईला बघितलं.

"ताई, अर्धा तास बाहेर बसता?"

"नाही."

"छताला रंग आहे. थेंब पडतील."

"चादर घाला."

"मशीनवर?"

"माझ्यावर. मशीनवर मी वाकून असते."

त्याने दादाकडे बघितलं. दादाने खांदे उडवले. त्या खांद्यांत मला पहिल्यांदा थोडा अभिमान दिसला, किंवा मला तसं वाटलं. मग रंगाऱ्याने माझ्या डोक्यावरून जुनी चादर घातली, पुढून उघडी ठेवून. मी दिवसभर आत बसून एका शाळेच्या बाईंच्या मुलीच्या चार फ्रॉकांच्या कडा खाली सोडल्या. चांगलं काम झालं. आतून मला फक्त सुई, कापड आणि खिडकीचा उजेड दिसत होता. एकदा रंगारी वाकून म्हणाला, "ताई, जिवंत आहात ना?" मी म्हटलं, "हा प्रश्न या घरात आता बंद झालाय."

संध्याकाळी चादर काढली तेव्हा ती पिवळ्या ठिपक्यांची झाली होती. कोणता पिवळा ते वहिनीने निवडलं होतं. वाईट नव्हता.

सोफा बहात्तर इंच. डाव्या भिंतीला कपाटाशेजारी अठ्ठ्याऐंशी मोकळी, बाबांनी पोलादी टेपने मोजली, मी कापडी टेपने, आणि अर्ध्या इंचावरून आमचं जुंपलं. दादा आणि रंगाऱ्याने सोफा बोळातून आत आणला. प्लॅस्टिक मी फाडलं. कात्रीने नाही, हाताने. कात्रीचं पाप एका आठवड्यात एकच.

मग तोंडातल्या टाचण्या काढून पाट्यावर ठेवल्या.

"ये वहिनी," मी म्हटलं. "बस."

ती आली. खिडकीकडे एकदा बघितलं. "चित्रात वेगळं होतं," म्हणाली, आणि बसली. पाय वर घेतले. सोफ्यावर पाय घेऊन बसू नका असं ती आठवडाभर आम्हा सगळ्यांना बजावत होती. तिने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मशीनचा आवाज फार आहे."

"आहे."

"कमी कर."

"नाही होत."

"बरं," ती म्हणाली. दहा मिनिटांत घोरायला लागली, मशीनच्या तालावर, एखादा टाका चुकवत.

दीड इंच.

अकरा बाटल्या आता खिडकीच्या गजांना टांगल्या आहेत. अकरा वेगळ्या वेली, प्रत्येकीची आपली मुळं. भिंतीवर एकही नाही. दादा येतो अजून. कालही आला, चहा घेऊन. आता तो मान वर करत नाही. वर बघायला काही नाही. कट्ट्यापाशी वाकला आणि पडदा सारून त्या पाच लिटरच्या मापात बघत राहिला. चौदा इंचांचं खोड उरलं आहे तिथे, त्याने ठेवलेलं.

"टाचणे, हे काय आलंय?"

"फुटवे."

"मी तर मेनच काढली होती."

मी टेपचं टोक खोडाला लावलं. "दीड इंच. आणि हा दुसरा, एक. एकाच्या जागी दोन आलेत."

"कुठून आले?"

"तू कापलंस ना," मी म्हटलं, "अगदी त्याच्या खालून."

तो खाली बसला, माझ्या चौकोनाच्या बाहेर, खडूची रेघ पायाने पुसणार नाही इतपत लांब. कप जमिनीवर ठेवला.

"मग आता काय करायचं याचं?"

"वाढू दे," मी म्हटलं, आणि मशीन सुरू केलं.